वीस मीटरवरचं फडकं

रमाकांत परबला या प्रकरणात मिळायची होती एक खुर्ची. चाकांची, पाठीला जाळी असलेली, परळच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर, एसीच्या थेट माऱ्यात. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना हा लाभ किरकोळ वाटेल. रमाकांत चोपन्न वर्षांचा होता आणि त्यातली एकोणीस वर्षं तो सह्याद्रीच्या माथ्यांवर वारा मोजायचे लोखंडी मनोरे चढत आला होता. ऐंशी मीटर वर, ऐंशी मीटर खाली. जीप थांबते तिथून मनोऱ्यापर्यंतची दीड तासाची चढण वेगळी. एवढं करून चिंचपोकळीला घरी यावं, तर तिसरा मजला, बावन्न पायऱ्या आणि लिफ्ट फक्त पुनर्विकासाच्या रंगीत चित्रात.

हर्षवर्धन साहेबांचा शब्द होता : घोणसमाळाच्या डोंगरावरचं वर्षभराचं मोजमाप संपलं, रिपोर्ट गेला, की काका, तुम्ही कायमचे खाली.

ऑगस्टअखेर वर्ष भरलं. रिपोर्ट आकडे तपासणाऱ्या इरावतीकडे होता. ती हुशार होती आणि शंकेखोरही. कंपनीला हुशार माणसं परवडतात. शंकेखोर फार नाही.

"काका, जरा बघा ना," तिने स्क्रीन वळवली. "आपल्या वारा मोजायच्या वाट्या फिरतात वीस, पन्नास आणि ऐंशी मीटरवर. पवनचक्क्या बसणार एकशेवीसवर. तिथला वारा आपण मोजलेलाच नाही, खालच्यांवरून काढणार. खालचा मंद दिसला की वरचा हिशेबात फुगतो."

"मग?"

"मग हे. डोंगरमाथ्यावर वर-खाली एवढा फरक नसतो. चढावर दाबलेला वारा माथ्यावरून जवळपास एकाच वेगाने सुटतो. इथे पूर्वेचा वारा आला, की वीसवरच्या वाट्या पेंगतात. थंडीभर. आणि सुरुवात अकरा-बारा ऑक्टोबरपासून. आधी सगळं ठणठणीत."

अकरा-बारा ऑक्टोबरला काय होतं हे रमाकांतला कॅलेंडर न बघता कळलं. खंडेनवमी.

हा टॉवर ज्या गिरणीच्या जागेवर उभा आहे, तिथे त्याचे वडील या दिवशी आपल्या कापड विणायच्या साच्याला हार घालायचे. गिरणी बंद पडल्यावर ते घरी पान्याची आणि पक्कडीची पूजा करायचे. पूजेविना अवजार ठेवायचं, हे परबांच्या घरात कुणाला सुचलंच नाही. रमाकांतचं अवजार म्हणजे मनोरा. गेल्या वर्षी त्याने केलेली पूजा : पायथ्याशी नारळ, झेंडूची माळ आणि खांबाला लाल फडकं. फडकं खरं तर अगदी टोकाला बांधायचं मनात होतं. गुडघ्यांनी वीस मीटरवर हात जोडले. तिथेच त्याने घट्ट गाठ मारली. ती वाऱ्याने सोडवली असणार, आणि पूर्वेचा वारा सुटला की सुटं टोक नेमकं वाट्यांच्या तोंडावर.

यंदाच्या पावसात ते चिंध्या होऊन दरीत गेलं असेल. म्हणजे पुरावा नाही, साक्षीदार नाही.

"डोंगर आहे, मॅडम," रमाकांत म्हणाला. "डोंगरात वारा कसाही वागतो."

"असंच लिहू?"

"लिहा."

तिने लिहिलं. मग म्हणाली, "खाली तुमचं नाव घालते हं, काका. एकोणीस वर्षांचं निरीक्षण आहे. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?"



घरी बायकोने, दर्शनाने ताट वाढता वाढता विचारलं, "काय झालां? आज तोंड कित्याक पडलांहा?"

त्याने सगळं सांगितलं.

"साहेब काय म्हणतत?"

"आकडे झकास आहेत म्हणतो."

"मग तुम्हालाच कसली खाज? फडक्याक कोण विचारता?"

"माझं नाव घातलंय तिने. जो वारा वाहिलाच नाही, त्याच्याखाली."

दर्शना आमटीचं भांडं झाकत म्हणाली, "बाम संपत इलो हा. उद्या येताना दोन बाटल्या आणा."

दुसऱ्या दिवशी त्याने इरावतीला सांगितलं. ती आधी हसली, मग डोकं धरून बसली, मग दोघं साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"पूजा?" हर्षवर्धन साहेब म्हणाले. "सेन्सरची?"

"तुमच्या टेबलावरही गणपती आहे, साहेब."

"तो वाऱ्यात फडफडत नाही, काका!"

पण इरावतीने असल्या आकड्यांखाली सही करायला नकार दिला, आणि तिच्या सहीशिवाय रिपोर्ट जाणार नव्हता. अख्खी थंडी पुन्हा मोजायची ठरली. डोंगर आणि मनोरा ओळखीचा असलेला माणूस एकच होता. खुर्ची तोवर रिकामी कशाला, म्हणून तिच्यावर प्रिंटर ठेवला.

या खंडेनवमीला रमाकांतने नारळ जीपपाशीच फोडला आणि मग चढायला लागला.

तर कोणी काय दिलं? हर्षवर्धन साहेबांनी रिपोर्टच्या उशिराबद्दल एक दिलगिरीचं पत्र दिलं. तेही इरावतीने लिहून दिलेलं. इरावतीने मार्चमध्ये मिळायची आपली बढती दिली. डोंगराला नारळ मिळाला, त्याला द्यायचं काहीच नव्हतं. उरलेलं सगळं रमाकांतच्या गुडघ्यांनी भरलं, उजव्याने जरा जास्त. त्यावर घरच्या बावन्न पायऱ्या वेगळ्या.