घटाखालचा बोअर

देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, तुम्ही म्हणाल त्याची शप्पथ! यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तर ही नवी कवळी माझ्या घशात अडको!

आमच्या ह्यांची बुलेट आमच्या लग्नाआधीची. म्हणजे माझी सवतच. दिल्लीला कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात नोकरीला होते, तेव्हा मुनिरक्याच्या आमच्या घरून रोज हिच्यावरच जायचे. पुढे दिल्लीत जुन्या गाड्या रस्त्यावर आणायची बंदी झाली, तशी ती व्हरांड्यात उभी राहिली. हे रविवारी तिला पुसायचे, किक मारायचे, आवाज ऐकायचे आणि बंद करायचे.

मग आमच्या नातवाला, सुधन्वाला, खाज सुटली. गुरुग्रामला एसीत बसून बसून डोकं गार झालेलं त्याचं.

"आजी, इंजिन झोपलंय यार. मोठा बोअर-पिस्टन टाकतो, मग बघ!"

बोअर म्हणजे इंजिनातला तो खाचाखाचांचा बिडाचा डबा. त्यात पिस्टन वरखाली नाचतो. हे नागपूरला भावाकडे गेले होते, तेवढ्यात पठ्ठ्यानं जुना बोअर काढून ॲल्युमिनियमचा नवा बसवला. आजोबांना कळू नये म्हणून वरून काळा रंगही मारला. काय सांगू तुम्हाला! पहिल्या किकला शेजारणीच्या तव्यावरच्या पोळ्या आपोआप उलटल्या. वर भाड्यानं राहणारी स्पर्धा परीक्षेची पोरं म्हणाली, "आज्जी, पुस्तकाची पानं उडून मुघल संपले आणि डायरेक्ट इंग्रज आले." सुधन्वा एकदा पहाटे चोरून एक्सप्रेसवेवर चक्कर मारून आला, हातपाय धुऊन चहाला बसला, तेव्हा कुठे मागून गाडीचा आवाज घरी पोचला.

आणि नवरात्राच्या तोंडावर आरटीओचा निरोप आला. गाडी अगदी मूळच्या रूपात असेल तर विंटेज म्हणून राहील. आतलं काही बदललेलं सापडलं तर ट्रकमध्ये घालून भंगारात. अष्टमीला सकाळी साहेब बघायला येणार.

हे खुशीत. "आपली तर जशीच्या तशी आहे. काय रे सुधन्वा?"

"हो आजोबा. बिल्कुल."

पोरगं पांढरंफटक पडलं. जुना बोअर त्यानं पोत्यात घालून पाण्याच्या टाकीमागे लपवला होता. जाऊन बघतो तर पोतं रिकामं! करोल बाग झालं, मायापुरीचं भंगार झालं, तसा बोअर कुठेही मिळेना. ऑफिसला जाईना, ताटातला घास तोंडात जाईना. इकडे हे गाडीला तेल लावत गुणगुणत बसलेले. ते गुणगुणणं ऐकलं की पोरगं उठून बाहेर जायचं.

अष्टमीला पहाटेपासूनच हे कोट घालून गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले. तिथं सुधन्वा मोडला. चक्क ह्यांच्या पायाशी बसला.

"आजोबा, बोअर मी बदललाय. जुना हरवला. माझ्यामुळे गाडी जाणार."

ह्यांनी सावकाश चष्मा पुसला. "नागपूरहून आलो, पहिली किक मारली, तेव्हाच कळलं की आत दुसरंच कुणीतरी खोकतंय. रंग मारून आवाज लपतो होय रे, गाढवा?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"पण जुना कुठाय?"

ह्यांनी हनुवटीनं देवघराकडे खूण केली.

यंदा घट ह्यांनीच बसवला होता. मला जवळसुद्धा फिरकू दिलं नव्हतं. आता कळलं! मोठ्या परातीत मधोमध तो बोअर उभा, भोवती माती, मातीत गहू, आणि बोअरच्या तोंडावर कलश.

"बाबा!" सूनबाई ओरडली. आमची क्षिप्रा, सुधन्वाची आई. "घटात?"

"काळीज आहे ते तिचं. पोत्यात कुजत होतं. देवीपाशी नाही तर कुठे ठेवू?"

"पण दसऱ्याआधी घट हलवत नाहीत! आई, तुम्ही तरी सांगा ना!"

मी काय सांगणार? घटाला वारा लागू नये म्हणून पंखा न लावणारा हा माणूस. देवीसमोर नुसता हात जोडून उभा राहिला. शेवटी मीच निकाल दिला, "क्षिप्रा, कलश मांडीवर घेऊन बस. जमिनीला टेकू देऊ नकोस. टेकला नाही म्हणजे हलला नाही."

ह्यांनी डोळे मिटले आणि बोअर उपसला. गव्हाची मुळं खाचाखाचांत घुसलेली. आत बघतात तर सगळा गंज, नारिंगी, हाताला लागेल असा.

हे मटकन खाली बसले. "रोज मीच पाणी घातलं रे. माझ्या लक्षातच आलं नाही."

आता रडायचं कुणी आणि समजूत घालायची कुणी! सुधन्वानं नवा बोअर उतरवला. हे रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन गंज घासायला बसले. सुधन्वाच्या कपाटात राहिलेला जुना पिस्टन अर्ध्यावर जाऊन अडला. पुन्हा घासला, पुन्हा अडला. शेवटी लाकडी हातोडीनं ठोकून कसाबसा आत घातला, आणि वरचे नट आवळतायत तोच फाटक वाजलं.

साहेब वाकून बघत राहिले. खाचेतून त्यांनी एक हिरवा कोंब ओढला. "ये क्या है?"

मी म्हटलं, "साहब, पुरानी गाड़ी है, जड़ें पकड़ ली हैं।"

साहेब हसले. "ओरिजनल तो है, इसमें शक नहीं। स्टार्ट कीजिए।"

ह्यांनी किक मारली. एकच! धग, धग, धग, धग... मुनिरक्यातली सगळी कबुतरं एकदम उडाली आणि ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी सही केली. गाडी वाचली.

पोळ्यांचं खरं, मुघलांचं खरं, सहीसुद्धा खरी. फक्त गाडी सुरू झाली नाही. किक जागची हललीच नाही. साहेबच ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "चलिए, खड़ी तो ओरिजनल है।" अजून रोज संध्याकाळी आजोबा आणि नातू आळीपाळीनं किकवर उभे राहून जोर लावतात. ती धगधग तेवढी मी घातली. ह्यांना ती ऐकायची असते ना, म्हणून.