गार फुंकणाऱ्या हीटरची फिर्याद

मी एका जुन्या व्हॅनचा हीटर बोलतोय. व्हॅन आत्ताच घरी गेली. मी मात्र मेकॅनिकच्या शेडमध्ये भंगाराच्या डब्यात, एका फुटक्या आरशाखाली आडवा पडलोय. फेकलं त्याचं दुःख आहेच. पण ज्या गुन्ह्यासाठी फेकलं तो मी केलेलाच नाही, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला वितळायचं नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या नळ्या लखलखत होत्या. मग मला व्हॅनच्या डॅशबोर्डच्या पोटात असं बसवलं की पुन्हा कुणाला माझं तोंड दिसलं नाही. माणसांची एक गंमत आहे. आठ महिने मी आहे हेसुद्धा त्यांना आठवत नाही, आणि पहिली थंडी पडली की घरातला प्रत्येकजण माझं बटण पिळत बसतो.

माझं स्वतःचं असं काहीच नसतं बरं का. इंजिनात तापलेलं पाणी माझ्या नळ्यांतून फिरतं, मागून पंखा फुंकतो, एवढाच माझा संसार. पाणी गरम तर मी गरम. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

माझे मालक निवृत्त बस ड्रायव्हर. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. इंजिनाच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी नीट तापेपर्यंत तो दार लावून बसतो, पाण्याला रेडिएटरकडे गार व्हायला जाऊ देत नाही. इंजिन तापतं म्हणून बरेच ड्रायव्हर तो काढूनच टाकतात, आणि कप्तान जन्मभर त्यांना हसत आले. "कंपनीने बसवलाय तो काय शोभेला? अडाणी लेकाचे!"

मग गेल्या उन्हाळ्यात एका लांब चढावर आमचंच इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफा निघाल्या. कप्तानांनी गाडी गार होऊ दिली, इकडेतिकडे बघितलं, पाना काढला, व्हॉल्व्ह सोडवला आणि झुडपात भिरकावला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कडेच्या दगडावर बसून बघत होत्या. उन्हाळा सुखात गेला.

हिवाळ्यात काकूंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, तासाभराचा रस्ता. हॉस्पिटलमधून निघताना त्यांना हुडहुडी भरते. नर्सने बजावलं होतं, "यांना थंडी लागू देऊ नका." पहिल्याच दिवशी परतताना कप्तानांनी बटण पूर्ण फिरवलं. मी जीव तोडून फुंकलं. आणि माझ्या तोंडून निघाला गारढोण वारा, सरळ त्या आजारी बाईच्या छातीवर.

"बंद करा हो तो," काकू म्हणाल्या, "त्याच्यापेक्षा बाहेर बरं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी कोमट आहे हो, पाणीच कोमट आहे, असं मी ओरडत होतो. पण हीटरचं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर.

दुसऱ्या दिवशी आम्ही या शेडमध्ये आलो.

"काका, इंजिनाला कुणी हात लावलाय का?" मेकॅनिकने विचारलं.

"माझ्या गाडीला कोण हात लावणार?"

"व्हॉल्व्ह कसाय?"

"उन्हाळ्यातच नवा घातलाय. तू हीटर बघ."

गाडीत बसलेल्या काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान वळवून त्या काचेबाहेर बघत बसल्या. मेकॅनिकने थोरल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि माझे हाल सुरू झाले. माझ्या नळ्या औषधाच्या पाण्याने धुतल्या. पंखा बदलला. पाइपातली हवा काढली. शेडमध्ये उभ्या गाडीत पाणी थोडं तापायचं, मी कोमट व्हायचो, सगळे खूश. रस्त्याला लागून गाडीने वेग घेतला की समोरच्या वाऱ्याने रेडिएटरमधलं पाणी गार, आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. काकूंच्या अंगावर दोन ब्लँकेटं आणि कप्तानांचा कोट असायचा, तरी दातांवर दात वाजायचे. कप्तान स्टिअरिंग घट्ट धरून पुढे बघत राहायचे. मी काढला, एवढे दोन शब्द त्या माणसाच्या घशाखालून वर येत नव्हते.

आज हॉस्पिटलमधून परतताना गाडी इथे थांबली. मला उपटून काढलं. त्यात माझी एक नळी तुटली. माझ्या जागी कोराकरकरीत हीटर बसवला आणि गाडी रस्त्यावर फिरवून आणली. मेकॅनिक उतरला तो डोकं धरूनच.

"नवासुद्धा गारच फुंकतोय काका. माझी तर मतीच गुंग झाली."

आत काकू इतक्या थरथरत होत्या की सीट कुरकुरत होती. कप्तानांनी एकदा तिकडे पाहिलं आणि ते तिथेच लोखंडी स्टुलावर बसले.

"व्हॉल्व्हच नाहीये त्यात. मी काढून फेकला. तुला खोटं सांगितलं रे."

 मेकॅनिकने फळीवरचा नवा व्हॉल्व्ह घेतला आणि तो कामाला लागला. कप्तान गाडीच्या दाराशी गेले.

"तू तर बघितलं होतंस. मग बोलली का नाहीस?"

"आज सांगाल, उद्या सांगाल, म्हणून वाट बघत होते," काकू म्हणाल्या. "चारचौघांत मी तुम्हाला खोटं पाडू होय?"

अर्ध्या तासाने गाडी पुन्हा फिरून आली तेव्हा आत ऊब होती. काकूंनी एक ब्लँकेट बाजूला सारलेलं मी इथूनच पाहिलं. खरं सांगतो, मला त्या नव्याचा हेवा वाटला. ती ऊब मलाही देता आली असती.

जाताना कप्तान या डब्यापाशी आले. "हा परत बसेल का?" त्यांनी विचारलं. मेकॅनिकने तुटलेली नळी दाखवली. त्यांनी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ते गेले.

माझं आता काही राहिलं नाही. उद्या-परवा भंगारवाला येईल. तुम्हाला एकच विनवणी करतो. कुणी हात लावलाय का, असं मेकॅनिक विचारेल तेव्हा लाज गिळा आणि हो म्हणा. त्या एका न म्हटलेल्या 'हो'पायी काकू अकरा वेळा थंडीने कुडकुडत घरी गेल्या.