सुतारकाकांच्या मानेची दुसरी बाजू

"काका, बोलू नका ना. चित्र हलतंय."

"मी कुठं बोलतोय? मी फक्त विचारतोय. मानेतली नळी मोजून तिला काय दार बसवणार आहेस?"

शाळेच्या वर्गात रांगेनं बसलेली माणसं खळखळून हसली. नर्सबाईही हसल्या. काकांच्या मानेवर थंडगार जेल लावून त्यांनी हातातला यंत्राचा ठोकळा हलकेच टेकवला. दप्तराएवढ्या त्या सोनोग्राफी यंत्राच्या पडद्यावर मेंदूकडे रक्त नेणारी नळी उमटली. अशा नळीच्या भिंती जाड होऊ लागल्या, आत थर साचू लागला, तरी माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. मग एक दिवस हात लुळा पडतो, तोंड वाकडं होतं. ते आधीच दिसावं म्हणून गावोगाव ही तपासणी होती.

बारा वर्षं नर्सबाईंना गाव 'सुईवाली' म्हणत होतं. सहा महिने शहरात शिकून त्या हे यंत्र घेऊन आल्या, तेव्हा पहिल्या दिवशी चारच माणसं आली. आज सुतारकाका आले आणि त्यांच्यामागून तीस जण. गावातली निम्मी दारं त्यांच्या हातची. ते आडवे झाले म्हणजे काम खरं, असं लोकांनी धरलं.

काकांनी तोंड खिडकीकडे केलं होतं. उजवी बाजू झाली. "आता फळ्याकडे तोंड करा," असं नर्सबाई म्हणत होत्या तेवढ्यात रांगेत कुणीतरी घुसलं आणि काका ताडकन उठून ओरडले, "ए, मागं हो! मी काय इथं झोपायला आलोय?" सगळे पुन्हा हसले. काका परत आडवे झाले, नर्सबाईंनी 'डावी'चं बटण दाबलं आणि काम पुढं गेलं.

दुपारी तपासणी संपली. हात धुऊन, दिवसभराची सगळी चित्रं पुन्हा पाहिल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही, हा नर्सबाईंचा नेम. काकांच्या चित्रांपाशी त्यांचा हात थांबला. उजवी आणि डावी हुबेहूब जुळी. तोच बाक, तोच फाटा फुटलेला.

उठून परत आडवं होताना काकांनी तोंड पुन्हा खिडकीकडेच केलं होतं.

"वन्सं, काकांची डावी बाजू राहिली."

मदतीला आलेली त्यांची मोठी नणंद नोंदवहीत आडव्या ओळी मारत होती. "उजवी कशी आहे?"

"चांगली आहे."

"मग डावीही असेल. सहा महिन्यांनी परत फेरी आहेच की. उद्या चाळीस जणांनी नावं दिलीत. तू काकांच्या बाबतीत चुकलीस हे बाहेर गेलं, तर चारही यायचे नाहीत. हे यंत्र उचलून दुसऱ्या गावाला देतील, माहितेय ना?"

"माहितेय."

"मग?"

नर्सबाईंनी यंत्र खांद्याला अडकवलं. नणंद पुटपुटली, "हट्टी आहे नुसती," आणि जेलची बाटली घेऊन मागोमाग निघाली.

काकांच्या कारखान्यात किराणावाला आणि आणखी दोघं गप्पा मारत बसले होते. काका खिडकीच्या चौकटीवर रंधा मारत होते. त्यांना बाजूला बोलवावं, असं क्षणभर नर्सबाईंच्या मनात आलं. त्यांनी बोलवलं नाही.

"काका, सकाळी माझी चूक झाली. परत आडवे झालात तेव्हा तुमचं तोंड खिडकीकडेच होतं, ते मी बघितलं नाही आणि एकच बाजू दोनदा मोजली. दुसरी राहिलीय."

रंधा थांबला. किराणावाल्यानं संधी सोडली नाही. "म्हणजे हे यंत्र खेळणंच आहे म्हणा की! मग आमचं काय?"

"तुमच्या दोन्ही बाजू झाल्यात. आत्ताच सगळ्यांची चित्रं परत बघितली. एकतिसांत एकच चुकलं."

"एक चुकलं ते सापडलं. न सापडलेली किती?"

नर्सबाईंचा चेहरा लाल झाला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. काकांनी बाकावरचा भुसा हातानं झाडला, सदऱ्याची वरची दोन बटणं काढली आणि तिथंच आडवे झाले. "घे."

या वेळी चित्र हललं नाही. पडद्यावर डावी नळी आली. जिथं तिला फाटा फुटतो, तिथं भिंतीला एक फुगवटा होता. नर्सबाईंनी तो दोनदा मोजला.

"काका, इथं थर साचलाय. आत्ताच शहरातल्या डॉक्टरीणबाईंना चित्र पाठवते. तुम्हाला शहरात जावं लागेल."

"दुखत तर काहीच नाही."

"दुखायच्या आधीच हे बघायचं असतं."

"किती आहे?"

"दोन मिलिमीटरच्या वर."

काका उठून बसले. थोडा वेळ मान चोळत राहिले. "दोन मिलिमीटरनं दार अडतं, पोरी," ते म्हणाले. मग किराणावाल्याकडे वळले. "चाळीस वर्षांत माझ्या हातून किती चौकटी चुकल्या. कधी तुझ्या घरी येऊन सांगितलं?"

"नाही."

"हिनं सांगितलं."

"थांबा, म्हणजे माझं मागचं दार..."

"गप बस."

नणंद तोंडाला पदर लावून हसली. परतताना तिनं नर्सबाईंच्या खांद्यावरचं यंत्र काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका पहिल्या गाडीनं शहरात गेले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला : वेळेवर आलेत, गोळ्या सुरू केल्यात, पुढची तपासणी आजच. शाळेत रांग वर्गाबाहेर पोचली होती, आणि काकांची कालची गोष्ट रांगेच्या टोकापर्यंत. किराणावाला बायकोला घेऊन आला होता. पहिल्या आजीबाई आडव्या झाल्या. खिडकीकडे तोंड करून उजवी बाजू झाली. नर्सबाई 'डावी'चं बटण दाबायला वाकल्या, तोच आजीबाईंनी आपणहून तोंड फळ्याकडे वळवलं.

त्यांच्यानंतरच्यानंही वळवलं. त्याच्यानंतरच्यानंही. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस माणसं आली, आणि एकालाही सांगावं लागलं नाही.