पहिली नळी

मी एक जुना फ्रीजर आहे, रक्ततपासणीच्या खोलीत कोपऱ्यात उभा. मित्रांनो, माझ्यात आइसक्रीम नसतं, हे आधीच सांगतो. विचारून विचारून लोकांनी माझा जीव खाल्ला आहे.

नवा होतो तेव्हा सगळे कौतुकाने माझं अंग पुसायचे. आता दाराचं रबर फाटलं आहे, आत बर्फाचे थर साचतात, आणि तंत्रज्ञ ताईंशिवाय कोणी माझी विचारपूस करत नाही. ताईंचा एक हट्ट आहे. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीतला उरलेला रक्तद्रव त्या बाळ होईपर्यंत टाकत नाहीत. नळीवर तारीख घालून माझ्याकडे सोपवतात.

परवा पाचव्या महिन्यातली एक बाई सासूबरोबर आली. टॉक्सोप्लाझ्मा या जंतूची लागण तिच्या रक्तात दिसली होती. तो मातीतून, कच्च्या मांसातून, मांजराच्या घाणीतून येतो. लागण जुनी असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. गरोदरपणात झाली असेल तर ती बाळापर्यंत पोचू शकते.

"तरी मी सांगत होते, ते मांजर नको म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

"मांजराचं नंतर बघू हो. ताई, बाळाचं काय ते सांगा."

"तुमची दुसऱ्या महिन्यातली नळी आहे ना. ती आणि आजची शेजारी शेजारी तपासते. जंतूशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा दोन्हींत तेवढाच आला तर लागण जुनी, वाढला असेल तर नवी."

ताईंनी दार उघडलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नळी बर्फात रुतून बसली होती. मदतनीस काका स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"राहू द्या काका. फुटली तर दुसरी कुठून आणायची?"

बाकीच्या नळ्या बर्फाच्या पेटीत हलवून ताईंनी माझं बटण बंद केलं आणि स्टूल ओढून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मला वितळायची घाई झाली. तासाभराने नळी अलगद सुटली.

दुपारी निकाल आला. दोन्ही आकडे सारखे होते.

"लागण जुनीच दिसते. डॉक्टरांना दाखवा, पण घाबरू नका," ताई म्हणाल्या.

सून मटकन खुर्चीत बसली आणि रडली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मांजर राहू दे घरात. त्याची घाण मात्र मी काढीन, तू नाही."

मित्रांनो, पुढच्या महिन्यात मला भंगारात काढणार आहेत. माझी तक्रार नाही, वय झालं. फक्त नवा फ्रीजर नीट थंड झाल्याशिवाय मला बंद करू नका. माझ्या पोटात एकोणतीस आयांच्या नळ्या आहेत, आणि त्यांतल्या एकीच्याही बाळाचा जन्म अजून झालेला नाही.