कातळावरचा उभा माणूस

"उठला! उठला!" गर्दी ओरडली आणि आईने तापाने फणफणलेल्या लेकीला छातीशी घट्ट धरलं. सूर्य टेकायला आला होता आणि वस्तीबाहेरच्या कातळावर पुरुषभर उंचीची आकृती हळूहळू उमटत होती. याच कातळावर ती रोज भर दुपारी धुणं वाळत घालायची. तिथे कधी रेघसुद्धा दिसली नव्हती. तिची बोबडीच वळली.

"कातळपुरुष जागा झालाय!" महाराज गरजले. हे महाराज नुकतेच वस्तीत उपटले होते. कातळाशी ते फक्त संध्याकाळी बोलत, कारण दुपारी त्यांना वामकुक्षी लागे. "ओलं धुणं याच्या अंगावर टाकलंस ना, बाई? आता पोरीला रात्रभर याच्या पायाशी निजव. औषधाचा थेंब जरी दिलास, तर पोर हातची गेली म्हणून समज."

पोरीला सकाळपासून दोनदा झटके आले होते. आई तिला कातळावर ठेवायला वाकली.

"वहिनी, थांब!" शाळेत शिकवणारी तिची नणंद गर्दीतून वाट काढत आली. "तिच्या अंगावरची चादर दे इकडे. धरा रे दोघं, उन्हाच्या आड."

चादरीची सावली पडली आणि कातळपुरुष गायब! गर्दीची पाचावर धारण बसली.

"कोपला! आता सगळ्यांचं वाटोळं!" महाराज किंचाळले.

"एवढा मोठा देव, चादरीला घाबरतो?" नणंदेने चादर काढायला लावली. आकृती परत हजर. "अहो, या उथळ खाचा आहेत. ऊन तिरपं आलं की त्यांच्या कडांची सावली पडते. दुपारी ऊन डोक्यावर, मग दिसणार काय?"

सूर्य बुडताच तिने टॉर्च दुसऱ्या बाजूने कातळाला टेकवून लावला. आकृती पुन्हा उमटली आणि शेजारी आणखीही खाचा दिसल्या. दोन माणसं तिसऱ्या आडव्या माणसाला उचलून नेत होती.

"फार जुन्या काळी कुणीतरी खपून हे कोरलंय. का, ते मला नाही सांगता येणार. पण बघ वहिनी, त्यांनी आपल्या माणसाला दगडावर टाकलेलं नाही, उचललंय. त्यांच्याकडे दवाखाना नव्हता. आपल्याकडे आहे."

"पोरीला काही झालं तर?" महाराज अजून धमकावत होते.

भीती कुणालाही वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चमत्कार दिसला की तो घडतो कसा, हे विचारायला हवं, आणि आजारी माणसाला तेवढा वेळही थांबवू नये. आईची भीती अजून गेली नव्हती. मात्र आता तिला भीती होती ती उशिराची.

"गाडी कुणाकडे आहे?" लेकीला खांद्यावर घेऊन ती ओरडली. "अरे, बघताय काय? गाडी काढा!"