फुटपाथपासून वीतभर

मास्तरांनी खिडकीखालच्या फटीतून कागदांचा गठ्ठा आत सरकवला, तो अर्ध्यातच अडकला. फट दंड भरणाऱ्यांच्या बेताने ठेवलेली होती. अपील करणाऱ्यांचे गठ्ठे जाड असतात, हे सुताराला कुणी सांगितलं नव्हतं. मागे रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला. मास्तरांनी गठ्ठा ओढून काढला, त्याचे दोन भाग केले आणि एकेक करून आत लोटले.

"एवढं सगळं नको, मास्तर," आतून आवाज आला. "निकालाचं पान तेवढं द्या."

काचेपलीकडची बाई हसत होती. मास्तरांनी चष्मा जरा वर केला. नऊ-दहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा सुटलेली. क्लच सोडताना जीभ बाहेर काढायची.

"तू इथे असतेस होय?"

"मी इथेच असते. तुम्ही इथे कसे, ते सांगा."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते सगळं मास्तरांनी गेल्या चार महिन्यांत लेखी कळवलेलंही होतं. आता पुन्हा तोंडी उगाळायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी निकालाच्या पानाकडे बोट दाखवलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून उभे राहिले.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. घराच्या पुढच्या खोलीत वर्ग, दारात एक गाडी, गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक. दारावर आणि गाडीच्या पाठीवर एकच पाटी: 'सव्वीस वर्षे. एकही गुन्हा नाही.' दर वर्षी रंगारी येऊन आकडा तेवढा बदलून जाई. मास्तर बाजूला उभे राहून तो आकडा वाळेपर्यंत बघत. दुसरे लोक वाढदिवस करतात, तसंच ते.

आणि चार महिन्यांपूर्वी टपालाने चलन आलं. अमुक मंगळवारी, सकाळी अकरा चाळीसला, बाजाराजवळच्या गल्लीत, गाडी लावण्यास बंदी असलेल्या जागी, मास्तरांची गाडी. त्या मंगळवारी मास्तर तीन पांघरुणांखाली कुडकुडत पडले होते. म्हणजे शिपायाने नंबर वाचण्यात चूक केली होती. दुसरं काय असणार?

"जाऊ दे ना, भरून टाका," बायको म्हणाली होती.

"प्रश्न पैशाचा नाही."

"माहीत आहे. तरी भरून टाका."

तिने हे तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी इतकं हळू, की ती दमली असावी असं मास्तरांना वाटलं आणि त्यांनी तिला लवकर झोपायला सांगितलं.

अपील सहा पानांचं झालं. डॉक्टरांची चिठ्ठी, तापाचे आकडे, औषधाचं बिल, सगळं क्रमाने जोडलं. शेवटच्या पानावर मास्तरांनी एका वाक्याखाली पट्टी धरून रेघ मारली: 'माझ्या घरात माझ्याखेरीज कुणालाही गाडी चालवता येत नाही.' हे वाक्य त्यांनी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल," ती म्हणाली.

निकाल अर्ध्या पानात आटोपला होता. 'अर्जदार त्या दिवशी आजारी होते, हे मान्य आहे. वाहन आजारी होते असे दिसत नाही. अर्जदारांनी स्वतः जोडलेले औषधाचे बिल ज्या दुकानाचे आहे, ते दुकान घटनास्थळापासून चौदा पावलांवर आहे. अपील फेटाळण्यात येत आहे.' मास्तरांनी ते आठ दिवसांत वीसेक वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी वाहनाच्या आजारापाशीच त्यांचं डोकं एवढं तापे की पुढच्या वाक्यापर्यंत ते थंड डोक्याने कधी पोचलेच नव्हते.

"निकाल आलाय म्हणजे आता काही होत नाही हो," बाई म्हणाली.

"मी भरायलाच आलोय. पण ती माझी गाडी नव्हतीच."

"फोटो बघितलात?"

"मला पाठवला त्यात डांबरासारखं काहीतरी काळं होतं."

बाईने इकडेतिकडे बघितलं आणि पडदा काचेकडे वळवला. फोटो रंगीत होता, स्वच्छ होता. गाडीच्या पाठीवर सव्वीस वर्षे आणि एकही गुन्हा नाही, शेजारी खांबावर बंदीचा फलक. शिपायाने दोन्ही एकाच चौकटीत बसवलं होतं. हौशी माणूस असावा.

मास्तर काचेशी वाकले. नंबर त्यांचाच होता. मागच्या दिव्याखालचा ओरखडासुद्धा त्यांचाच.

"एक सांगू का?" बाईने फोटो मोठा केला. "लावलीय मात्र सुरेख. चुकीच्या जागी, पण सुरेख. फुटपाथपासून वीतभर अंतर. आणि चाकं बघा."

मास्तरांनी चाकं बघितली. पुढची दोन्ही चाकं फुटपाथकडे वळवलेली होती. हा मास्तरांचा नियम. गाडी लावली की खाली उतरायचं, हाताने मोजायचं, वीतभर म्हणजे वीतभर. आणि चाकं आत वळवायची, म्हणजे ब्रेक सुटलाच तर गाडी फुटपाथला अडेल. सव्वीस वर्षं त्यांनी हे प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं. स्वतः मात्र ते चाकं कधीच वळवत नसत. विडी सोडा म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरने बाहेर येऊन पेटवावी, तसं ते होतं.

"तुमचाच कुणीतरी विद्यार्थी," बाई म्हणाली. "पुलापलीकडच्या क्लासात असलं काही शिकवत नाहीत. तिथे गाडी थांबली की पास."

"विद्यार्थ्यांच्या हातात मी किल्ली देत नाही. किल्ली घरात खिळ्याला असते."

हे बोलून झाल्यावर मास्तर थांबले. तापानंतर पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा गुडघे स्टीअरिंगच्या चाकावर आपटले होते. सीट दोन खाचा पुढे सरकलेली. त्यांनी गाडी मेकॅनिककडे नेली, आणि मेकॅनिक म्हणाला होता, "मास्तर, सीट आपोआप सरकत नाही, सरकवावी लागते." मेकॅनिकला काही येत नाही असं ठरवून मास्तर परत आले होते. आणि औषध? औषध आलं होतं. उशाशी ग्लास, चमच्यात गोळी. कसं आलं हे त्यांनी विचारलं नव्हतं. घरात वस्तू येतातच.

"चालवत कोण होतं, ते इथे लिहायचं," बाईने एक कागद फटीतून सरकवला. "काही लिहिलं नाही तर मालकाच्या नावावर जातं. म्हणजे तुमच्या परवान्यावर नोंद."

"आणि दुसऱ्या कुणाचं लिहिलं तर?"

"त्यांच्या परवान्यावर. तुमचा कोराच राहील. फक्त परवाना वर्षाच्या आतला असेल तर रद्द होतो. पुन्हा पहिल्यापासून परीक्षा." तिने बोटांनी काही कळा दाबल्या, सवयीने, आणि मग तिची बोटं थांबली. तिने पडद्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. जिभेचं टोक ओठांवर आलं.

"मास्तर, या पत्त्यावर दोन परवाने आहेत. दुसरा आठ महिन्यांपूर्वीचा. नाव वाचू?"

"नको."

मागचा माणूस म्हणाला, "काका, आवरता का जरा?"

काचेच्या दारातून बाहेरचं आवार दिसत होतं. आवारात गाडी, आणि गाडीत, दुसऱ्या ब्रेकच्या बाजूला, बायको. बाजारात उतरते म्हणून ती बरोबर आली होती आणि वाटेत बाजार आला तेव्हा उतरली नव्हती. ती नेहमीसारखी बसली होती, दोन्ही पाय सीटखाली आत ओढून. लग्नानंतर एका वर्षी तिला शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी चौकात मास्तरांनी दुसरा ब्रेक एवढ्या जोराने दाबला की तिचं कपाळ चाकाला लागलं. "हे तुझं काम नाही," ते म्हणाले होते. ती उतरून चालत घरी गेली होती. त्यानंतर फक्त एवढंच सांगायचं राहिलं होतं, की त्या ब्रेकला पाय लावू नकोस, तो कामाचा आहे. तिने कधी लावला नाही. पुढच्या खोलीत वर्ग चाले आणि मागच्या खोलीत ती मशीनवर शिवत असे. मधली भिंत पातळ होती. वीतभर म्हणजे वीतभर, हे तिने किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब मास्तरांनी करून बघितला, मग सोडून दिला.

पुलापलीकडे. तिथल्या क्लासच्या त्या दाढीवाल्याकडे. त्याला फी दिली असणार. त्या गोष्टीचा राग यायला हवा होता. मास्तरांनी थोडी वाट बघितली, पण तो आला नाही. चार महिने रागावून रागावून राग संपला होता की काय कोण जाणे.

त्यांनी पेन उचललं आणि चालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. खाली सही केली.

बाईने कागद घेतला, वाचला. "पाटीचं काय करणार?"

"रंगारी आहे ना."

तिने शिक्का मारला. जरा जोरातच मारला.

मास्तर बाहेर आले तेव्हा बायकोने काच खाली केली.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाले?"

"पार्किंग सुरेख आहे म्हणाले."

बायकोचा हात काचेच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. मास्तर गाडीला वळसा घालून चालकाच्या दाराशी गेले नाहीत. तिच्याच दारापाशी उभे राहिले, दार उघडून.

"सरक तिकडे."

"अहो, काय हे?"

"माझे डोळे दुखताहेत. चार महिने अपिलं लिहितोय."

किल्ली त्यांनी पुढच्या फळीवर ठेवली. ती किल्लीकडे बघत राहिली. मग गिअरवरून पाय टाकून, साडी सावरत, पलीकडे गेली. तिने खाली हात घालून सीट पुढे घेतली. एक खाच. दोन खाचा. न बघता. मास्तर तिच्या जागेवर बसून समोर बघत होते.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "आधी वाटलं, तुम्ही हसाल. मग तुम्ही ते वाक्य लिहिलंत, आणि खाली रेघ मारलीत."

"आरसा बघ."

"बघितलाय."

गाडी आवारातून निघाली. फाटकाशी ती थांबली, दोन्हीकडे बघितलं, एक सायकल जाऊ दिली. मास्तरांचा पाय सव्वीस वर्षांच्या सवयीने ब्रेकवर गेला होता. चौकात सिग्नल पिवळा झाला आणि त्यांच्या पोटरीत गोळा आला; ती त्याआधीच थांबलेली होती. मास्तरांनी पाय उचलला. ठेवायचा कुठे ते कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही पाय सीटखाली आत ओढून घेतले. असं बसायला फार अवघडतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"पुढे रंगाऱ्याचं दुकान आहे," ते म्हणाले. "तिथे थांबव जरा."

"कशाला?"

"पाटी पुसायचीय."

दुकानासमोर आल्यावर तिने वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला.

"अगं, गेलं की दुकान!"

"तिथे बंदी आहे. फलक दिसला नाही?"

मास्तरांनी मान वळवून बघितलं. फलक होता. दर वर्षी ते त्याच्याच खाली गाडी लावून आत रंगाऱ्याला बोलवायला जात असत.

ती गल्लीत वळली, एक जागा बघून पुढे गेली, मागे घेतली आणि गाडी उभी केली. मग चाक आत वळवलं, पूर्ण.

"उतरता की मी मोजू?" तिने विचारलं.

मास्तरांनी दार उघडलं, वाकून खाली हात घातला, वीत बरोबर भरली, तरी बराच वेळ तसेच वाकून राहिले.