तोंडात धरलेला घोट

बटाट्याचा स्टार्च पाण्यात तापवला की पासष्ट-सत्तर अंशांच्या आसपास त्याच्या कणांची घडी विस्कटते आणि चिकट खळ तयार होते. ती घडी किती विस्कटली, हे आमचं इन्फ्रारेड यंत्र आलेखावर दाखवतं. बावीस वर्षं मी त्याच यंत्रापुढे बसते आहे. त्यामुळे स्टार्चबद्दल मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बाबांना साधं पाणी बंद झालं, कारण गिळताना ते फुप्फुसात जायचं. डॉक्टरीणबाईंनी पाणी दाट करायची पावडर लिहून दिली, पण तिची चव लागली की बाबा तोंड फिरवायचे. दिवसभरात दोन वाट्याही पोटात जाईनात. मग मी माझं शहाणपण पाजळलं. प्रयोगशाळेत नऊ तापमानांना स्टार्च शिजवला, प्रत्येक नमुन्याचा आलेख काढला आणि गार झाल्यावरही दाट राहणारी खळ निवडली. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं होतं. पण स्टार्चमधलं त्यांना काय कळतंय, असं मला वाटलं.

बाबांना ती आवडली. पहिला घोट त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाले, "पाण्यासारखं लागतंय गं."

तीन महिन्यांत त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. मग आठवडाभर घरीदारी मी टेंभा मिरवला.

दहाव्या दिवशी त्यांना ताप भरला. न्यूमोनिया निघाला आणि पाच दिवसांत बाबा गेले.

त्यांना काय पाजत होतात, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की लाळेनं स्टार्च पातळ होतो, म्हणूनच त्यांची पावडर डिंकाची असते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

लाळेचं हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मलाही होतं. नऊ आलेख काढले, पण एकाही नमुन्यात थुंकून पाहिलं नाही. कामावर परतल्यावर आधी तेच केलं. थोड्याच वेळात चमच्यातून पातळ धार पडायला लागली.

घरी आले तेव्हा आई बाबांचे कपडे आवरत होती. तिच्यापुढे बसून मी सगळं सांगून टाकलं. बाबांना मी मारलं, असंही म्हणाले.

आईनं हातातला सदरा खाली ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तोंडात धरलं की त्याचं पाणी होतं, असं त्यांनीच सांगितलं मला. म्हणाले, पोरीला सांगू नकोस, ती लगेच बंद करेल."

मग तू गप्प का बसलीस, असं मी विचारलं.

"तीन महिने माझ्याकडे पाणी मागत होते गं ते." ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तुला सांगायला हवं होतं ना?"

"नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं, आणि आम्हा दोघींनाही ते कळत होतं.